तिरक्या पायांचा स्टँड

वस्तादांचा हात सतरंजीवर पडला आणि सुई उडाली.

नुसती हलली नाही, उडाली. तबकडीवर चांगली दोन बोटं पुढे जाऊन आदळली, स्पीकरमधून कर्रकन आवाज आला आणि विलंबितात निवांत चाललेले बुवा एकदम तानेच्या मध्यावर पोचले.

"अर्रर्र!" सगळ्या खोलीतून आवाज आला.

कुलगोड सर उठून उभे राहिले. "वस्ताद, आज तिसऱ्यांदा."

"सर, सम आली."

"मग?"

"मग काय? सम आली की हात पडणार. मी पाडत न्हाई, त्यो पडतो."

मागच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी सुई उचलली, तबकडी खिडकीच्या उजेडात तिरकी धरली आणि नवा ओरखडा सगळ्यांना दिसेल अशी फिरवली.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या तालमीच्या माडीवर दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी आमचं श्रवण मंडळ बसायचं. खाली लाल मातीचा आखाडा, वर लाकडी फळ्यांची जमीन, त्यावर सतरंज्या. प्लेअर आणि तबकड्या कुलगोड सरांच्या. सर शाळेत केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेले, प्लेअर शाळेतून आणलेल्या एका जुन्या टेबलावर असायचा. जागा शामराव साळोखे वस्तादांची. त्यांनी आयुष्यभर खाली पोरांना कुस्ती शिकवली होती. आता गुडघे गेले होते, पण गाण्यासाठी ते जिना चढून यायचे. त्यांचा पंजा पोळपाटाएवढा. तो फळीवर पडला की चहाचे कपसुद्धा बशीत नाचायचे. आणि एकट्या वस्तादांना तरी काय बोलणार? सम आली की सगळेच हात टाकायचे, फक्त बाकीच्यांचे हात माणसांएवढे होते.

"पुढच्या वेळेपासून नियम," सर म्हणाले. "हात मांडीवर. दाद मनातल्या मनात."

"मनातल्या मनात जेवता येतंय का सर?" वस्ताद म्हणाले.

"तबकड्या संपतील वस्ताद. या परत मिळत नाहीत."

वस्ताद आपल्या तळहाताकडे बघत बसले. तेवढ्यात खिडकीजवळच्या बायकांच्या रांगेतून माझी मालूआत्या बोलली. दोन वर्षं ती माझ्याबरोबर मंडळात येत होती, पण सगळ्यांसमोर बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

"हात बांधून ऐकायचं असेल तर मी नाही यायची," ती म्हणाली. पदर सारखा केला आणि खाली बघायला लागली.

घरी आल्यावर तिनं मला तिच्या खोलीत बोलावलं. मालूआत्या म्हणजे बाबांची सगळ्यात मोठी बहीण. लग्न होऊन निपाणीला गेली, तंबाखूच्या मोठ्या व्यापाऱ्याच्या घरात. यजमान गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. पोळ्या लाटताना गुणगुणायची, तेवढंच तिचं गाणं मला माहीत होतं.

तिनं ट्रंकेच्या तळातून जुन्या इरकलीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. आत एक छोटी तबकडी होती. मधल्या पांढऱ्या कागदावर शाईनं लिहिलेलं: कु. मालती सबनीस, जौनपुरी.

मी ते दोनदा वाचलं. "आत्या, ही तू?"

"मग काय तुझा बाप?"

"मला कुणी सांगितलंच नाही कधी!"

"सांगण्यासारखं राहिलं कुठे. रेकॉर्डिंग झालं आणि महिन्याभरात लग्न ठरलं. सासरहून निरोप आला, आमच्या सुनेचं नाव बाजारात नको. कंपनीनं गाणं काढलंच नाही. नमुन्याची ही एक आली होती, ती राहिली."

"ऐकलीस का कधी?"

"एकदा. कंपनीच्या कचेरीत." तिनं तबकडी कडेनं धरली होती, तळहात लागू न देता. "ही मंडळात लावायची आहे मला. पण दोन गोष्टी हव्यात. हिच्यावर ओरखडा पडता कामा नये, कारण दुसरी नाही. आणि ऐकणाऱ्यांचे हात मोकळे हवेत."

"अगं, दोन्ही एकदम कसं जमेल? हात मोकळे सोडले तर सुई उडणार, उडली की ओरखडा पडणार."

"तू एम.एस्सी. झालीस ना फिजिक्समध्ये?"

"झाले. पण हात मोकळे कशाला हवेत? सगळे गप्प बसले तर काय बिघडलं?"

"ते नंतर. आधी जमतंय का ते बघ."

माझा निकाल लागला होता आणि पुढे काय करायचं ते ठरलं नव्हतं. नातेवाईक बी.एड. कर म्हणत होते. विद्यापीठात मी दोन वर्षं कंपनांची गणितं कागदावर सोडवली होती, पण एकही खरीखुरी थरथरणारी वस्तू माझ्या हाती आली नव्हती. ही आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माडीवर गेले. मोबाइलमध्ये हादऱ्याची रेघ काढणारं एक ॲप घेतलं, मोबाइल फळीवर ठेवला आणि वस्तादांना म्हटलं, "मारा हात."

"कसा? हळू का पुरा?"

"सम आल्यावर मारता तसा."

"सम आल्याबिगर कसा मारू? थांब जरा." त्यांनी डोळे मिटले, घशातल्या घशात कुठलातरी मुखडा म्हटला, मान डोलवत समेवर आले आणि हात टाकला. फळ्यांच्या फटींतून धूळ उठली. मोबाइल जागच्या जागी उसळला.

पडद्यावर रेघ पडली होती. फळी सेकंदाला साधारण दहा वेळा खालीवर होत होती आणि हळूहळू शांत होत होती. मग मी प्लेअरचा सुईचा दांडा बोटानं अगदी हलकेच टिचकावून बघितला. त्याची स्वतःची डोलण्याची चाल जवळजवळ तीच निघाली.

"झोपाळ्याला त्याच्या चालीत धक्का दिला की तो वाढत जातो ना?" मी वस्तादांना सांगितलं. "तसं आहे. फळी ज्या चालीत हलते, त्याच चालीत दांडा हलायला तयार बसलेला आहे."

"म्हंजे दोघांचं जमलंय."

"नको तितकं जमलंय."

"मग फोडा की जोडी," वस्ताद म्हणाले. "आमच्याकडं आखाड्यात तेच करत्यात."

सोपा उपाय होता. प्लेअर जमिनीवरच्या टेबलावर नकोच, भिंतीत कंस ठोकून फळीवर ठेवायचा. भिंत दगडी होती, ती हलणार नव्हती. मी घरी येऊन आत्याला आकृती काढून दाखवली.

"भिंतीवर देव असतात," ती म्हणाली. "नाहीतर टीव्ही."

"अगं, पण शास्त्र..."

"कंपनीच्या कचेरीत ज्याच्यावर ती लावली होती ना, तसला स्टँड कर." तिनं पेपराच्या कडेच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं काढून दाखवलं. वर बेताची सपाट पेटी. खाली चार पाय, वर जाड आणि खाली निमुळते, चारही बाहेरच्या अंगाला झुकलेले. टोकांना पितळी टोप्या. इतक्या वर्षांनंतर तिनं पायांचा तिरकेपणासुद्धा न अडखळता काढला. "तेव्हा नवीन फॅशन आली होती ही. किती बघत बसले होते मी त्याच्याकडे. दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती."

मी त्या काळच्या फर्निचरची चित्रं शोधली. आणि खरं सांगायचं तर मलाच ते आवडायला लागलं. कुठे नक्षी नाही, कुठे भार नाही. पाय बाहेर फाकल्यामुळे लहानसं टेबलसुद्धा घट्ट उभं असल्यासारखं दिसतं. फतकल मारून बसलेल्या सोफ्यांपुढे ते एखाद्या चटपटीत मुलीसारखं वाटतं. भिंतीचा नाद मी सोडला.

गंगावेशीजवळ दादू मिस्त्रींची शेड होती. देवघरं, दिवाण, लग्नातले सोफे, सगळं तिथं व्हायचं. त्यांच्याकडे पाडलेल्या एका घराच्या चौकटीचं सागवान पडलं होतं. वरचा थर तासल्यावर आतून मधासारखा रंग निघाला.

"दोन दिवसांत करून देतो," दादू मिस्त्री म्हणाले. "तू कशाला हात खराब करून घेतीस?"

"मला करायचंय."

"का?"

"कुठे काय हलतंय ते मला कळलं पाहिजे."

"बरं. मग पायाला खाली वाघाचा पंजा काढू."

"पंजा नको."

"कोल्हापुरात टेबल करायचं आणि पंजा न्हाई?" त्यांनी शेडमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "लोक म्हणतील दादूचा हात थकला."

"लोकांना सांगा, मैथिलीनं केलाय."

"ते तर सांगणारच हाय, बिघडला की."

पाय निमुळता करायचं काम मी रंध्यानं केलं. आधी चौकोनी काठी खाली बारीक करत न्यायची, मग चार कोपरे मारून आठ बाजू करायच्या, मग आठाच्या सोळा, मग पॉलिश पेपर. प्रत्येक पायरीला मी डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून बघायचे. दादू मिस्त्री म्हणायचे, "बंदूक न्हाई ती, पाय हाय." पहिला पाय तीनदा बिघडला. चौथा पाय माझ्या हातातून एका दुपारीत निघाला, आणि तो टोकापर्यंत इतका सरळ होता की मी तो काखेत घेऊन घरी जेवायला गेले. आईनं विचारलं, लाटणं कशाला आणलंस?

पाय वर ज्या ठोकळ्यांत बसणार, त्यांना भोकं तिरकी पाडायची होती. तिरकेपणा दोन्ही दिशांना, म्हणजे पाय बाजूलाही फाकला पाहिजे आणि पुढेमागेही. मी लाकडाचा एक मापाचा ठोकळा केला, त्याच्या आधारानं गिरमिट धरलं आणि चारही भोकं पाडली. पाय बसवून स्टँड उभा केला. तीन पाय झोकात बाहेर झुकलेले, चौथा आत वळलेला. उजवा-डावा उलटा धरला होता मी.

दादू मिस्त्री कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "तिघं उभी हायत फोटोला," ते म्हणाले, "आणि ह्यो घरी निघालाय."

शेडमधले सगळे हसले. मीही हसले. ठोकळा काढला, नवा केला, या वेळी भोक पाडायच्या आधी बाण काढून घेतला. लाखेचं पॉलिश फडक्याच्या बोळ्यानं थरावर थर देत चढवलं. पितळी टोप्या जुन्या बाजारात मिळाल्या, त्या चिंचेनं घासल्या. पूर्ण झाला तेव्हा दादू मिस्त्रींनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "पंजा असता तर अजून शोभला असता."

आत्यानं त्याच्या कडेवरून हात फिरवला. "थोडा बुटका होता तो," ती म्हणाली. "पण हा बरा आहे." तिच्याकडून इतकं पुष्कळ होतं.

माडीवर नेला. कुलगोड सरांनी आधीच ओरखडे पडलेली एक तबकडी दिली. वस्तादांनी डोळे मिटले, मुखडा म्हटला, समेवर आले, हात टाकला.

सुई पहिल्यापेक्षा लांब उडाली.

सरांनी चष्मा काढून पुसला. "शाळेतलं जुनं टेबल बरं होतं म्हणायचं," ते हळूच म्हणाले. दादू मिस्त्री मुद्दाम बघायला आले होते. त्यांनी माझ्याकडे बघून नुसता पंजा उघडून दाखवला.

मला रडू आलं असतं, पण त्याआधी मला कारण दिसलं. बारीक पाय फळीचा हादरा न अडवता जसाच्या तसा वर पोचवत होते, वर आपला डोलही त्यात घालत होते. दिसायला जे सुंदर, तेच हादरा वर नेत होतं. पाय बदलले तर आत्याचा स्टँड राहणार नव्हता. म्हणजे पायांना त्यांचं काम करू द्यायचं आणि जोडी त्यांच्या वर कुठेतरी फोडायची.

मऊ गादीवर जड माणूस बसला की तो सावकाश हलतो. खालून कुणी भराभर टपटप केलं तरी त्याच्यापर्यंत ते पोचत नाही. माझी सगळी युक्ती एवढीच. पेटीच्या आत सायकलची ट्यूब गोल करून ठेवली, थोडीशीच हवा भरून. तिच्यावर कडाप्प्याची जड लादी, लादीवर प्लेअर. बाजूनं सागवानी काठ उंच केला, म्हणजे बाहेरून काही दिसणार नाही. लादी काठाला कुठेही टेकू द्यायची नव्हती, चहूबाजूंनी नखाएवढी फट. खाली पायांना एकमेकांशी बांधणाऱ्या दोन पट्ट्या घातल्या आणि स्टँडची जागा बदलून तो भिंतीलगत, तुळईच्या बरोबर वर आणला.

हवेचं जमवण्यात वेळ गेला. जास्त भरली की लादी पुन्हा थरथरायची, कमी भरली की लाकडावर बसायची. मी बोटानं लादी दाबून सोडायचे आणि तिचं डोलणं बघायचे. ते होडीसारखं संथ झालं तेव्हा थांबले.

"सायकलची ट्यूब?" वस्तादांनी वाकून बघितलं. "पंक्चर झाली म्हंजे?"

"तर बुवा खाली बसतील. मारा हात."

त्यांनी हात टाकला. सुई चालत राहिली.

पुन्हा टाकला. गाणं तसंच पुढे गेलं.

वस्तादांचा चेहरा उतरला. "आमचा हात लागंना व्हय?" त्यांनी बाह्या सरसावल्या, गुडघ्यांवर उठले आणि दोन्ही पंजे एकदम फळीवर आपटले. खिडकीची काच वाजली. कुलगोड सरांचा चष्मा नाकावरून घसरून मांडीत पडला. खालून आखाड्यातून कुणीतरी ओरडलं, "वस्ताद, पडला काय?" बुवा आपले शांतपणे आलापी करत होते.

"शाब्बास!" वस्ताद म्हणाले आणि हाताला फुंकर घालायला लागले. सर उठले, स्टँडपाशी गेले आणि एक बोट लादीवर ठेवून ते संथ डोलणं बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वर्गात हे शिकवलं असतं तर मुलं झोपली नसती." मला त्या दिवशी जिना उतरताना पायऱ्या लागल्याचं आठवत नाही.

मंडळाच्या पुढच्या रविवारी माडी भरली. आमच्या घरचे सगळे आले होते, दादू मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. आत्यानं इरकल नेसली होती. ती नेहमीसारखी खिडकीजवळ बसायला निघाली, वस्तादांनी तिला पुढे आणून बसवलं. कुलगोड सरांनी तबकडीची हकीकत सांगितली.

"जगात ही एवढी एकच प्रत आहे," ते म्हणाले. "मैथिलीचा स्टँड उत्तम आहे, त्याबद्दल शंका नाही. तरी मी हात जोडून विनंती करतो, आज कुणी हात टाकू नये. ताईंचा एवढा मान आपण राखूया."

मी आत्याकडे बघितलं. ती काहीतरी म्हणणार असं वाटलं, पण सरांनी हात खरंच जोडले होते. खोलीतल्या सगळ्यांनी हात मांडीवर घेतले. वस्तादांनी तर दोन्ही पंजे मांड्यांखाली घालून ठेवले.

मी सुई ठेवली.

जराशी खरखर झाली आणि आवाज आला. मोकळा, धारदार, कशालाही न भिणारा. माझ्यापेक्षा लहान मुलीचा आवाज होता तो. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण मला मोजता येतं. तीनतालाच्या सोळा मात्रा मी मोजत होते. ठरावीक अक्षरावर ती यायची, तबला तिथे ठाम पडायचा, ती सम. प्रत्येक समेला खोलीतली माणसं किंचित पुढे व्हायची आणि तिथेच थांबायची. वस्तादांच्या गळ्याची शीर फुगली होती. सुई एकदाही हलली नाही. हलवायला काही नव्हतंच.

तबकडी संपली. टाळ्या वाजल्या, बक्षीस समारंभात वाजतात तशा. सर म्हणाले, "एकदासुद्धा उडाली नाही! मैथिली, अभिनंदन." आईनं डोळे पुसले. लोक माझ्याकडे बघत होते, आणि मला खूप बरं वाटत होतं. मग मी आत्यापाशी गेले.

"काढून ठेव ती," आत्या म्हणाली.

"किती छान झालं गं."

"हो. त्या दिवशीही छानच झालं होतं."

ती हळू बोलत होती, पण जवळच्यांना ऐकू जात होतं. "काचेच्या खोलीत उभी केली होती मला. आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं, गाणं चालू असताना आवाज चालणार नाही. तबलजींनासुद्धा ताकीद. पहिल्या समेवर आले आणि सवयीनं समोर बघितलं. काचेपलीकडचा माणूस घड्याळ बघत होता. मग कचेरीत लावून दाखवली, चार जण खुर्च्यांवर बसून ऐकत होते. चांगली आहे म्हणाले. मी त्या स्टँडच्या पायांकडे बघत बसले." तिनं माझ्या हातातली तबकडी घेतली आणि इरकलीच्या पदरानं कडा पुसली. "पुढे कुठे गायलेच नाही. म्हणजे हे गाणं अजून कुणी ऐकलंच नाही, मैथू. ऐकलं असतं तर एखादा तरी हात उठला असता."

कुलगोड सर मान खाली घालून उभे होते.

मी तिच्या हातातून तबकडी परत घेतली आणि प्लेअरवर ठेवली.

"बसा सगळे," मी म्हटलं. "परत लावते."

"मैथिली, एकच प्रत आहे," सर म्हणाले. धमकी नव्हती त्यात. ते खरंच घाबरले होते.

"सर, स्टँड मी केलाय."

सुई ठेवून मी सतरंजीवर बसले. खरखर. तो आवाज. मी पहिल्यापासून मोजायला लागले. आसपास सगळे हात अजून मांडीवरच होते, सवय मोडायला वेळ लागतो तसे. चौदा, पंधरा, सोळा. मी हात उचलला आणि फळीवर होता तेवढा जोर लावून टाकला.

धाडकन आवाज झाला. लादी होडीसारखी एकदा डोलली. सुई आपल्या वाटेनं चालली होती.

वस्ताद माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका संताप मी कधी बघितला नव्हता. सुईकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"आर्धी मात्रा आधी!" ते ओरडले. "आर्धी मात्रा आधी टाकलीस पोरी!"

त्यांनी मांडीखालून हात ओढून काढला. आत्याचा आवाज वळणावर आला, मुखडा उचलला, सरळ खाली उतरला, आणि सम जिथे होती तिथे, अगदी तिथेच, तो पोळपाटाएवढा पंजा पडला. माडी हादरली. पुढच्या समेला दादू मिस्त्रींचा हात पडला, बाबांचा पडला, बायकांच्या रांगेतून बांगड्यांसकट पडला. त्याच्या पुढच्या समेला कुणाचा कुठला ते कळेना. कुलगोड सरांचा हात सगळ्यांत शेवटी आला, पण आला. फळ्या वाजत होत्या, धूळ उठत होती, आणि त्या सगळ्यावर चार तिरक्या पायांवर माझी लादी संथ डोलत होती आणि सुई चालत होती.

मी आत्याकडे बघितलं. पहिल्या हाताला ती दचकली होती. दुसऱ्याला तिची पाठ सरळ झाली. मग मोठे गवई मैफलीत करतात तसं तिनं मान किंचित झुकवली, उजवा हात छातीशी नेला आणि दाद घेतली.

"क्या बात है, मालूताई!" वस्ताद ओरडले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांच्याकडे हात मोकळा नव्हता. "काय आलाय ओ समेवर!"

आत्यानं त्यांना बोटानं थांबवलं.

"थांबा वस्ताद," ती म्हणाली. "तान पुढे आहे."